तिसरीतलीचा राजीनामा

१

कोपऱ्यातल्या मीटिंग-रूममधल्या काचेच्या कपाटाला कुलूप होतं आणि कपाट रिकामं होतं.

आदल्या संध्याकाळी तिथे एक खुर्ची होती. खुर्ची म्हणजे खुर्चीचं मॉडेल, वीतभर उंचीचं, लाकडाचं, पितळी बिजागऱ्यांचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरच्या एकट्या माणसानेही उचलून बसवता यावं, अशी ती घडीची खुर्ची एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी आणि त्यांच्या भावाने मिळून बनवली होती. भाऊ आता हयात नव्हता. एका बड्या कंपनीने तीच कल्पना उचलून बाजारात आणली तेव्हा बाईंनी दावा लावला. कल्पना आधी आपली होती हे दाखवायला त्यांच्याकडे भावाच्या हातचं ते मॉडेल तेवढं होतं. ते तपासायला कोर्टाने नेमलेले तज्ज्ञ आणि कंपनीचे वकील आज अकरा वाजता येणार होते.

मॉडेल कपाटात ठेवलं होतं तिसरीतलीने.

त्या फर्ममध्ये वकिलांचे मजलेच्या मजले भरलेले होते. अजून पार्टनर न झालेल्यांना असोसिएट म्हणायचे, आणि कोणाला किती वर्षं झाली हे सांगताना सगळे शाळेची भाषा वापरायचे. हा पहिलीतला, ती पाचवीतली. आठवी पास झालं की पार्टनर. बहुतेकांची शाळा त्याआधीच सुटायची, कोण कंटाळून जायचं, कोणाला जायला सुचवलं जायचं. हे सुचवण्याचं काम ताईंकडे होतं.

ताई स्वतः एके काळी आठवीपर्यंत पोचल्या होत्या. त्या वर्षी जागा एकच होती आणि ती त्यांच्याच बॅचच्या एका मुलाला मिळाली. तो आज विभागाचा प्रमुख होता, सगळे त्याला सर म्हणायचे. ताईंनी वकिली सोडली, फर्म सोडली नाही. असोसिएट मंडळींचं प्रशिक्षण, बढती, रडारड, सगळं त्यांच्या टेबलावर येऊन पडायचं आणि त्या ते न कुरकुरता निस्तरायच्या.

आज सरांनीच त्यांना बोलावून घेतलं होतं. तिसरीतली खिडकीशी उभी होती, ओठ घट्ट मिटून. सर मात्र विलक्षण शांत होते.

"कपाट काचेचं असलं तरी मॉडेल पिवळ्या स्कार्फमध्ये गुंडाळलेलं होतं," ते म्हणाले. "बाहेरून बघणाऱ्याला काय कळणार आत काय आहे ते? हे माहितगाराचंच काम आहे. आणि काल उशिरापर्यंत ह्या मजल्यावर ही एकटीच होती, तिनेच तसं सांगितलंय. तुम्ही हिच्याकडून राजीनामा लिहून घ्या. पोलिसांत जाण्यापेक्षा तिच्या दृष्टीने बरं."

आपण स्वतः तर पाचलाच निघालो होतो, असंही त्यांनी जाता जाता सांगितलं. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि होणारे व्याही जेवायला यायचे होते.

ताईंनी मान डोलावली. राजीनामा घ्यायला आपल्याला नेहमी दिवस मावळायच्या सुमाराला बोलावतात, आज सकाळी सकाळीच का, एवढं त्यांच्या मनात आलं.

२

सर गेल्यावर ताईंनी तिसरीतलीला आधी पाणी दिलं. मग खोली नीट पाहिली.

लंबगोल टेबल, बारा खुर्च्या, पश्चिमेची मोठी खिडकी, तिच्यासमोर कपाट. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली रात्री टीमच्या सामायिक खोलीत खिळ्याला असायची आणि हे केसवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे किल्लीवरून काही ठरणार नव्हतं. खाली जाड राखाडी गालिचा. ताई गुडघ्यांवर बसल्या, तळहाताने गालिचा चाचपला. कपाटाच्या पायापाशी बोटाला काहीतरी टोचलं. गव्हाच्या दाण्याएवढा पितळी स्क्रू.

"हा त्या मॉडेलचा?"

तिसरीतलीने जवळ येऊन पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. बिजागरीचाच होता तो. काल तो जागच्या जागी घट्ट होता, तिने तज्ज्ञांसाठी प्रत्येक भागाचे फोटो काढले होते.

ताईंनी स्क्रू रुमालात बांधला. चोराला मॉडेल न्यायचं असेल तर तो ते उचलून नेईल, ह्या खोलीत बसून खिळखिळं कशाला करील? आणि त्याने कोणाचा फायदा? ह्या केसवर तिघं असोसिएट होते, तिघांचीही नावं कागदोपत्री होती. केस बुडाली तर तिघंही बुडणार. कंपनीला फायदा होता खरा, पण कंपनीने माणूस फोडला असता तर त्या माणसाने स्क्रूसुद्धा मागे ठेवला नसता.

ज्याच्यात कोणाचाच फायदा नाही ते बहुधा चुकून झालेलं असतं, असा ताईंचा इतक्या वर्षांचा अनुभव होता. मॉडेल चोरलं नव्हतं, मोडलं होतं. आणि मोडणाऱ्याने ते लपवलं होतं.

"तू मोडलंस?" त्यांनी सरळ विचारलं.

"नाही, ताई."

"काल उशिरापर्यंत इथे होतीस?"

तिसरीतली गप्प राहिली. ताईंनी घाई केली नाही. इथे गप्प बसणाऱ्याला बोलतं करायला आणखी गप्प बसावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं.

३

ती उशिरापर्यंत तिथे नव्हतीच. मॉडेल ठेवून, किल्ली खिळ्याला लावून ती बाहेर पडली होती आणि न्यायाधीशपदाच्या परीक्षेच्या क्लासला जाऊन बसली होती. गेले काही महिने ती हेच करत होती. कोट खुर्चीवर, दिवा चालू, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं बाई इथेच कुठेतरी आहेत. इथे दुसऱ्या परीक्षेची तयारी चाललीय हे कळलं असतं तर चांगली कामं हातातून गेली असती. जाणाऱ्याला कोण शिकवतं?

"आता खरं सांगितलं तर म्हणतील, खोटारडी आहे, मॉडेलही हिनेच नेलं असणार," ती म्हणाली.

ताईंनी तिला काल संध्याकाळचं पुन्हा सांगायला लावलं, अगदी क्रमाने. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मॉडेल आणून टेबलावर ठेवलं, त्या वेळी सर होते. पाचला सर निघाले. थोड्या वेळाने बाईही गेल्या. मग पश्चिमेचं ऊन थेट कपाटावर यायला लागलं. जुनं लाकूड, तडकायला नको, म्हणून तिने आपल्या गळ्यातला स्कार्फ काढून मॉडेलभोवती गुंडाळला आणि कुलूप लावलं.

"स्कार्फ कोणत्या रंगाचा?"

"पिवळा. तोही गेलाय. पण मॉडेलपुढे स्कार्फचं काय घेऊन बसायचं, म्हणून मी बोलले नाही."

"कोणालाच?"

"कोणालाच नाही. मॉडेलबद्दल सकाळी मी फक्त एवढंच म्हटलं की कपाट रिकामं आहे."

ताई उठल्या. त्यांच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं होतं, पण इतक्या मोठ्या माणसावर बोट ठेवायचं तर आजूबाजूच्या सगळ्या वाटा आधी बंद करायला हव्या होत्या. उरलेले दोघं संध्याकाळी ह्या खोलीत डोकावले असतील तर त्यांनीही स्कार्फ पाहिला असणार, आणि सरांना त्याबद्दल सांगितलंही असेल.

"इथेच बस," त्या म्हणाल्या. "आणि काहीही लिहून देऊ नकोस. कोणीही मागितलं तरी."

४

सातवीतला आपल्या केबिनमध्ये कोर्टात उभं राहिल्यासारखा ताठ बसला होता. देखणा, हुशार, पुढच्या वर्षी हाच पार्टनर अशी बोलवा असलेला. काल संध्याकाळी परदेशी अशिलाशी फोनवर होतो, म्हणाला. इथेच, ह्याच खुर्चीत.

ताईंनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं. तो गडद निळा सूट फक्त कोर्टाच्या तारखेला घालतो हे सगळ्या मजल्याला माहीत होतं. काल तो त्या सुटात होता आणि काल त्याची कुठेच तारीख नव्हती.

"मुलाखत कशी झाली?" ताईंनी विचारलं.

तो आधी हसला, मग त्याचे खांदे खाली आले. एका औषध कंपनीत कायदा-सल्लागाराची जागा होती, पगार इथल्यापेक्षा कमी. घरी त्याची मुलगी बोलायला लागली आणि पहिला शब्द त्याने फोनवर ऐकला, तेव्हापासून डोक्यात ते घोळत होतं, असं त्याने सांगितलं. पार्टनर झालो तर सुटका नाही आणि नाही झालो तर तोंड दाखवायला जागा नाही. काल साडेचारलाच तो मागच्या जिन्याने उतरला होता. कोपऱ्यातल्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं. मॉडेल अजून त्याने डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं.

आठवीतली पुस्तकांच्या गठ्ठ्यामागे होती. गेल्या वर्षी पार्टनरच्या यादीतून तिचं नाव ऐनवेळी गळलं होतं आणि ती आठवीतच राहिली होती. कारण सांगितलं गेलं नाही, पुढच्या वर्षी बघू एवढंच. अशा बाईला राग असणार, आणि सर कोणावर दुसरा संशय घेणार असते तर तिच्यावरच घेतला असता. काल दुपारपासून लायब्ररीत होते, ती ठामपणे म्हणाली.

"लायब्ररीला काल रंग लागत होता," ताई म्हणाल्या. "माझी खोली भिंतीला भिंत लागून आहे. त्या वासाने माझं डोकं दिवसभर ठणकत होतं. आत तू बसली असशील तर कमाल आहे."

आठवीतलीने पेन खाली ठेवलं. खोटं उघडं पडल्याचं तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही, उलट हायसं वाटल्यासारखं दिसलं. ती कोर्टाजवळ दोन खोल्यांची जागा बघायला गेली होती. स्वतःची पाटी लावायची होती. नवरा सोबत होता, जागेच्या मालकीणबाई होत्या, कोणालाही विचारा. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावाने मसुदे लिहून झाले, आता बरंवाईट जे होईल ते आपल्या नावाने होऊ दे, असं ती म्हणाली.

ताई कॉरिडॉरमध्ये येऊन क्षणभर भिंतीला टेकल्या. तीन गुणी माणसं, तिघांनीही खोटं सांगितलेलं, आणि तिघांचंही गुपित एकच होतं. कोणी काही चोरलं नव्हतं, ती तिघं फक्त इथून बाहेर पडायचा रस्ता शोधत होती. जिथे सगळेच काही ना काही लपवतात तिथे आणखी एकाने काही लपवलं तर कोणाच्या ध्यानात येणार?

आणि पाचनंतर त्या खोलीत टीममधल्या बाकी दोघांपैकी कोणीच फिरकलं नव्हतं. तिसरीतली सोडून कोणीच स्कार्फ पाहिलेला नव्हता.

५

सरांच्या केबिनचं दार ताईंनी आतून लावून घेतलं.

"घेतलास राजीनामा?" एकटे असले की सर अजूनही त्यांच्याशी एकेरीतच बोलत. कधी काळी एकाच टेबलावर बसून दोघांनी पहिला मसुदा लिहिला होता.

"तुला एक विचारायचंय," ताई म्हणाल्या. "तो स्कार्फ तू कधी पाहिलास?"

सरांनी खुर्ची मागे सरकवली. वकील माणूस. प्रश्न कुठून आला आणि कुठे जाणार, हे त्याला एका क्षणात दिसलं.

ताईंनी तरीही सगळं मांडलं, कोर्टात मांडावं तसं. तो निघाला तेव्हा मॉडेल उघडं होतं. स्कार्फ नंतर गुंडाळला गेला. सकाळी कपाट रिकामं, स्कार्फही गायब, आणि तिसरीतलीने तो शब्द कोणापाशी काढलेला नाही. बाकीचे दोघं इमारतीतच नव्हते. म्हणजे ज्याने तो पिवळा रंग पाहिला तो पाचनंतर त्या खोलीत परत आला होता. मग त्यांनी रुमाल सोडून स्क्रू त्याच्या टेबलावर ठेवला.

सरांनी तो दाण्याएवढा स्क्रू बोटाने फिरवून पाहिला.

"जेवण आमच्या घरी नव्हतं, इथून जवळच्या हॉटेलात होतं," ते शेवटी म्हणाले. "जाता जाता व्याह्यांना ऑफिस दाखवायला आणलं. ते निवृत्त इंजिनीअर. म्हणाले, असलं काही हाताने केलेलं बघायला मिळत नाही हल्ली, जरा उघडून बघू का? आता मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याला मी नाही कसं म्हणणार? त्यांनी घडी उलट बाजूने उघडली. कट्ट असा आवाज झाला, बस्स."

"त्यांना कळलं?"

"त्यांना वाटलं, असंच असतं ते. मी म्हटलं, हो, असंच असतं."

मॉडेल त्यांच्याच बॅगेत होतं, स्कार्फसकट. चोरी झाली म्हणून आज पुढची तारीख मागायची, तोवर चांगल्या कारागिराकडून बिजागरी बसवून घ्यायची आणि मग ते कुठेतरी सापडल्याचं दाखवायचं, असा बेत होता.

"दुरुस्त केलेला पुरावा कोर्टापुढे ठेवणार होतास?" ताईंनी विचारलं. "आणि ती पोरगी?"

"तिला दुसरीकडे चांगली नोकरी लावून देणार होतो."

हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं, आणि त्याचाच ताईंना जास्त राग आला. राग आला आणि, नाही म्हणायचं कारण नाही, क्षणभर गोडही वाटलं. इतक्या वर्षांपूर्वी जी जागा ह्याला मिळाली तिच्यावर बसून ह्याने हे केलं होतं. पण समोरचा माणूस रात्रभर झोपलेला नव्हता हेही दिसत होतं, आणि घड्याळ अकराकडे सरकत होतं. गोड वाटून घ्यायला सवड नव्हती.

"अशील बाई खाली येऊन बसल्यात," त्या म्हणाल्या. "तू सांगतोस की मी सांगू?"

सरांनी बॅग उचलली. दारापाशी थांबून त्यांनी कोटाची बटणं लावली. "मीच सांगतो," ते म्हणाले. "आधी त्या मुलीला, मग बाईंना."

६

त्यांनी सांगितलं, आणि ते सांगणं नीट केलं, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. सगळ्या टीमसमोर तिसरीतलीची माफी मागितली, पण-बिण न घालता. ती रडली नाही. मॉडेल घेऊन टेबलावर ठेवलं, स्कार्फ बाजूला केला आणि मोडलेल्या भागाचे फोटो काढायला लागली, कालच्या फोटोंशेजारी लावायला.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मॉडेल हातात घेतलं. बिजागरी एका बाजूने निखळली होती, लाकडाला बारीक चीर गेली होती. भावाने घासून गुळगुळीत केलेल्या पाठीवरून त्या अंगठा फिरवत राहिल्या. मग त्यांनी सगळे तुकडे आहेत का विचारलं, आणि ताईंनी स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवला.

"जोडू नका," बाई म्हणाल्या. "आहे तसं दाखवा. मोडलेलं माणूस उभं करायला शिकवते मी, मोडलेलं लाकूड दाखवायला मला कसली लाज?" त्या सरांकडे वळल्या. "वस्तू मोडली ती हातून मोडली. पण ती ह्या पोरीच्या डोक्यावर फोडलीत ना, म्हणून माझ्या कामात आता तुम्ही नको."

तसेही ते राहू शकणार नव्हते. मॉडेल कसं मोडलं हे तज्ज्ञांना सांगायचं म्हणजे सर आता साक्षीदार झाले, आणि साक्षीदाराला त्याच कामात वकील म्हणून उभं राहता येत नाही. टेबलाच्या टोकाची खुर्ची रिकामी झाली. आठवीतलीने इकडे तिकडे पाहिलं, कोणी सांगायची वाट पाहिली नाही आणि तिथे जाऊन बसली. शेजारची खुर्ची तिने तिसरीतलीसाठी ओढली. सातवीतला कागद चाळत दुसऱ्या बाजूला बसला.

कंपनीच्या वकिलांनी पहिल्याच मिनिटाला आक्षेप घेतला, पुराव्यात फेरफार झाला म्हणून. आठवीतलीने काय झालं ते लपवाछपवी न करता सांगितलं. कालचे फोटो, आजचे फोटो, स्क्रू, सगळं पुढे ठेवलं, आणि बिजागरीबद्दलचे प्रश्न सहकारी वकिलांना विचारा म्हणाली. तिसरीतलीचा आवाज पहिल्या वाक्याला कापला. दुसऱ्या वाक्यापासून कापला नाही. तज्ज्ञांनी भिंगातून चीर पाहिली, लाकूड पाहिलं आणि तपासणी पुढे चालू ठेवता येईल असं लिहिलं.

७

सरांनी विभागाचं प्रमुखपद सोडलं. कोणी सोडायला लावलं असं ते म्हणाले नाहीत, आणि ताईंनीही कोणाला तपशील दिला नाही. मुलीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. व्याह्यांना खरं काय ते सरांनी स्वतः सांगितलं. ते एवढे ओशाळले, की नव्या बिजागऱ्या आपण करून देतो म्हणून मागे लागले आणि त्यांना समजावता समजावता सरांची पुरेवाट झाली.

पार्टनर मंडळींच्या बैठकीत ताईंना पाच मिनिटं मिळाली. त्यांनी नावं घेतली नाहीत. एवढंच सांगितलं, की त्या संध्याकाळी आपली तीन चांगली माणसं कुठे होती हे आपल्याला सांगायला घाबरत होती, आणि त्या भीतीच्या आडोशाने एक मोठी चूक जवळजवळ पचली असती. माणूस पुढे कुठे जाऊ पाहतोय हे त्याला उघडपणे बोलता येत नसेल, तर आपण त्याला वाढवत नाही, नुसता वापरतो. आठवीतलीला ह्याच महिन्यात पार्टनर करा, किंवा तिला तिची पाटी लावायला मोकळ्या मनाने जाऊ द्या. पुढच्या वर्षी बघू, हे मी तिला सांगायला जाणार नाही.

तिला पार्टनर केलं गेलं. तिने दोन दिवस विचार करायला मागितले, आणि तिला ते मागता आले ह्याचाच ताईंना जास्त आनंद झाला. शेवटी ती राहिली. सातवीतला औषध कंपनीत गेला. निरोपाच्या दिवशी तो कधी नव्हे एवढा बडबडत होता.

तिसरीतली मग एका दुपारी ताईंच्या खोलीत येऊन बसली.

"ताई, खरं सांगा. इथे माझं पुढे काय होईल?"

ह्या प्रश्नाला ताईंकडे एक ठरलेलं उत्तर होतं, वर्षानुवर्षं दिलेलं, मेहनत आणि धीर वगैरे शब्दांचं. ते त्यांच्या जिभेवर आलं आणि त्यांनी ते गिळलं.

"पार्टनर होशील का, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "इथे शिकवणारी माणसं आहेत आणि ढकलणारीही आहेत, तू दोन्ही पाहिलीस. पण तू वकील झालीस हे मी त्या दिवशी तपासणी चालू असताना मीटिंग-रूमच्या दाराच्या काचेतून पाहिलं. ते इथे राहिलीस तरी तुझं आहे, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलीस तरी तुझंच आहे."

तिसरीतलीने थोडा विचार केला.

"बाईंच्या केसचा निकाल लागेपर्यंत मी आहे," ती म्हणाली. "क्लासही चालू ठेवणार आहे. निकाल लागला की राहायचं की जायचं ते मी ठरवीन, फर्मने नाही."

ताईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. इतक्या वर्षांत असं वाक्य त्यांना स्वतःला कधी सुचलं नव्हतं. त्यांनी तिला विचारलं, उलट-तपासणीला पहिला प्रश्न कोणता ठेवणार आहेस, आणि त्या दोघी संध्याकाळपर्यंत त्यावर भांडत बसल्या.